आधी नळाला विचारा

घरात माशांची आणि पाणझाडांची काचेची टाकी घ्यायची ठरली की बहुतेक जण पहिले माशांच्या दुकानात जातात. मला विचाराल तर पहिले स्वयंपाकघरातल्या नळापाशी जावं. खरंच सांगते, एक बाटली पाणी भरायचं, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा कडकपणा) आणि केएच (पाण्याची क्षारता) मोजायची किट मिळते तिचे थेंब टाकून रंग कितव्या थेंबाला बदलतो ते बघायचं, आणि मग सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारायचं की आपल्याकडे पाणी येतं कुठून, धरणाचं येतं, बोअरचं येतं की दोन्ही मिसळून येतं, आणि मे महिन्यात टॅंकर लागतो का. या प्रश्नांची उत्तरं मिळाली की कुठली झाडं लावायची, कुठले मासे आणायचे, यातलं अर्धं आपोआप ठरतं. आणि ते न विचारता टाकी लावली की मग माणूस महिनोन्‌महिने बाटल्यांमधली औषधं ओतून पाण्याशी भांडत बसतो.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते. आमचं पाणी खडकवासल्याचं, म्हणजे मागे पानशेत, वरसगाव, टेमघर, म्हणजे पावसाळ्यात घाटमाथ्यावर जो पाऊस पडतो तोच. सह्याद्रीचा काळा कातळ, बेसॉल्ट, पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे त्याच्यावरून वाहून धरणात साठलेलं पाणी सॉफ्ट असतं, क्षार कमी. मुंबईचं तानसा-भातसा-वैतरणेचं पाणीसुद्धा याच जातीचं. बोअरचं मात्र वेगळं, ते त्याच कातळाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं गोळा करून वर येतं, गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, दोन बिल्डिंगचं पाणी इतकं वेगळं असू शकतं की एकीकडे जो मासा खुशाल वाढतो तो दुसरीकडे नुसता तग धरतो.

बोअरचं पाणी असलेल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी या सगळ्यांना ते क्षारांचं पाणी मानवतं, मॉलीला तर तेच लागतं. वॅलिसनेरियाची लांब रिबिनीसारखी पानं पण त्या पाण्यात जोमाने वाढतात, कारण तिला बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेता येतो. आमच्या लहानपणी गावोगावच्या भिंतींवर लिहिलेलं असायचं ना, 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा', तर तो गप्पी मुळात त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, पण आपल्या विहिरींच्या पाण्यात तो टिकला, डासांच्या अळ्या खाऊन जगला. कुणी त्याला कमी लेखलं की मला वाईट वाटतं.

सॉफ्ट पाण्याची एक खोड मात्र माहीत असायला हवी. टाकीत जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, त्या कामात पाण्यातली क्षारता, म्हणजे केएच, खर्ची पडते. मुळात केएच दोन-तीन डिग्री असेल आणि पाणी बदलायला आळस केला तर एक दिवस ती संपते आणि पीएच धाडकन खाली येतो. यावर माझा उपाय कोकणातला आहे, किनाऱ्यावरचे रिकामे शिंपले उकळून, फोडून, मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायचे. ते हळूहळू विरघळतात आणि केएच टिकून राहते. मूठभरच. किनाऱ्यावरची वाळू मात्र तळाला अजिबात घालू नये, तिच्यात शिंपल्याचा इतका चुरा असतो की पाणी कडक होत जातं. आणि आरओचं पाणी टाकीत ओतण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण त्यातून क्षार जवळजवळ सगळे काढलेले असतात, ते माशांनाही पुरत नाही आणि झाडांनाही, आमच्यासारख्या सॉफ्ट पाण्यावाल्यांना तर त्याची गरजच नाही.

माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. ७० लिटरच्या आसपास. नवीन माणसाला मी हाच साइज सांगते, कारण लहान बाऊलमध्ये पाणी थोडं, त्यामुळे ते बिघडायला वेळ लागत नाही, आणि चार फुटी टाकीचं काम दर आठवड्याला अंगावर येतं. पाणी, वाळू, दगड, काच धरून हे सगळं शंभर किलोच्या घरात जातं, तेव्हा स्टॅंड मजबूत हवा, पातळी बघून लावलेला हवा, आणि टाकीखाली थर्मोकोलचा शीट हवाच. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवायची नाही, दुपारचं ऊन शेवाळालाच फळतं.

आता तळ. इथे मला थोडं रेंगाळायचंय कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद याच भागाने दिला. बाजारात ॲक्वासॉइल, म्हणजे टाकीतल्या झाडांसाठी तयार केलेली माती, मिळते, चांगली असते, महाग असते. दुसरा मार्ग साध्या मातीचा, अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड बाईंनी तो मांडला आणि लोकप्रिय केला. खाली इंचभर माती, वर इंचभर वाळूचं झाकण, भरपूर झाडं, मोजका उजेड, आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर नाही, माती कुजताना जो वायू सुटतो आणि मासे जो सोडतात त्यावर झाडांचं भागतं. मी हाच मार्ग घेतला. माती शेणखत न घातलेली हवी, नाहीतर अमोनिया इतका सुटतो की सांगायची सोय नाही. चाळून, दोन-तीनदा भिजवून वाळवून घ्यायची. आणि या मातीत मी जांभ्याचा चुरा मिसळला.

माझं माहेर कुडाळकडे. तिथे घर जांभ्याचं, विहीर जांभ्याची, गडगे जांभ्याचे. त्यामुळे १९८०च्या दशकात जर्मनीतले ॲक्वेरियमवाले झाडांसाठी तळाला लॅटेराइट घालायचे आणि ते डब्यात भरून विकलं जायचं हे वाचलं तेव्हा मी उडालेच, कारण लॅटेराइट म्हणजे आपला जांभाच की. कारण साधं आहे, जांभ्यात लोह भरपूर. तळाशी वाळूखाली ऑक्सिजन कमी असतो, तिथे ते गंजलेल्या रूपातलं लोह बदलतं आणि मुळांना घेता येईल अशा रूपात येतं. बाकी पोषण त्यात फारसं नाही, म्हणून माती लागतेच. चुरा धुऊन धुऊन लाल पाणी यायचं कमी झालं की मग वापरायचा, आणि वाळूच्या वर येऊ द्यायचा नाही.

या दगडाला लॅटेराइट नाव दिलं फ्रान्सिस बुकॅननने, ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर. म्हैसूर, कानडा, मलबार असा फिरत असताना केरळात अंगाडीपुरमला लोक हा दगड जमिनीतून मऊ असतानाच कापतात आणि मग तो हवेवर कडक होतो हे त्याने पाहिलं, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिलं. हा माणूस पुढे परत येणार आहे, नाव लक्षात ठेवा.

दगड म्हणून मी आपला काळा बेसॉल्टच घेतला. तो पाण्यात काही सोडत नाही, आणि ओला झाला की जो रंग येतो त्याची सर विकतच्या कुठल्याच दगडाला नाही असं माझं ठाम मत आहे. फक्त एक बघायचं, दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक असतात. बऱ्याचदा ते झिओलाइट असतात, त्यांचा त्रास नाही, पण काही ठिकाणी कॅल्साइट असतं, आणि ते पाणी कडक करतं. व्हिनेगरचा थेंब टाकायचा, फसफसलं तर तो दगड बाजूला. वाळूचीही अशीच परीक्षा घ्यायची.

झाडांच्या टाक्यांचं वेड जगभर पसरवलं ते जपानच्या ताकाशी अमानोंनी. नीगाताचे, आधी सायकलपटू, मग फोटोग्राफर, १९८२ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. २०१५ साली, म्हणजे ते गेले त्याच वर्षी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी लावली. त्यांच्या टाक्यांचे फोटो बघून मी तासन्‌तास बसलेय. पण लोक त्यांच्याकडून दगड कसे रचायचे तेवढंच उचलतात असं मला वाटतं. ते ॲमेझॉनला गेले, बोर्निओला गेले, आफ्रिकेच्या जंगलात मोठाले कॅमेरे घेऊन फिरले, पाणी जंगलात कसं असतं ते आधी डोळे भरून पाहिलं आणि मग काचेत लावलं. मग आपण आपले व्हाळ, म्हणजे गावचे ओढे, का नाही बघायचे? माझ्या टाकीचा आराखडा म्हणून मी जपानी फोटो न घेता माहेरच्या व्हाळाचा गणपतीतला एक फोटो समोर ठेवला, कडेला गवतासारखी झाडं, मध्ये उघडी वाळू, एका बाजूला दोन काळे दगड पाण्यात अर्धे बुडालेले.

आणि झाडांची यादी करायला लागले तर अर्धी यादी आपल्याच पाण्यातली निघाली. रोटाला. क्रिप्टोकोरिन. लिम्नोफिला. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा तर मूळची भारतातलीच, तिकडे फ्लोरिडात ती ॲक्वेरियममधून सुटून कालव्यांमध्ये तण होऊन बसलीय. बकोपा मोनिएरी म्हणून जे झाड दुकानात कपात मिळतं ते म्हणजे ब्राह्मी, नर्सरीत कुंडीत मिळते तीच. क्रिप्टोकोरिन स्पायरालिस कोकणात ओढ्यांच्या काठाला आणि भाताच्या खाचरांत उगवते, तिची लांब नागमोडी पानं बघितली की गवत समजून माणूस पुढे जाईल. गावचे काका आले होते तेव्हा टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले, नाकावर चष्मा, आणि रोटालाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यां तर आमच्या कुणग्यात रुजता गो!" कुणगा म्हणजे भाताचं खाचर. आणि मग पुढचा तासभर कुठल्या कुणग्यात काय रुजतं, कुठलं गुरं खातात, कुठलं लावणीच्या आधी उपटून टाकावं लागतं, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. एवढी माहिती मला कुठल्या दुकानात मिळाली नव्हती.

खाचरात उगवतं हे कळल्यावर या झाडांचं एक कोडंही सुटतं. दुकानातून आणलेलं झाड टाकीत लावलं की आठ-पंधरा दिवसांत जुनी पानं पिवळी पडतात, विरघळतात, आणि लोकांना वाटतं मेलं. मेलेलं नसतं. नर्सरीवाले ही झाडं बहुतेक पाण्याबाहेर, ओल्या हवेत वाढवतात, तिथे पानं जाड आणि ताठ येतात. पावसाळ्यात खाचर भरलं की पाण्याखालचं रूप, पाणी ओसरलं की हवेतलं रूप, असे दोन अवतार या झाडांच्या अंगातच असतात. टाकीत गेल्यावर ती हवेतली पानं टाकून देतात आणि पाण्यातली नवीन पानं काढतात. क्रिप्टोकोरिन तर पाणी थोडं बदललं तरी सगळी पानं गाळते, पण मूळ जिवंत असतं, उपटायचं नाही, हात लावायचा नाही, ती येते. कुंडीतली ब्राह्मी आणली तर मात्र तिच्यावर फवारणी झालेली असते, ती मुळं धुऊन तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत वाढवायची आणि नवीन आलेले शेंडेच टाकीत लावायचे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. आपल्या सड्यांवरून, पठारांवरून काही आणायचं नाही. कासच्या पठारावर वायतुरा आहे, अपोनोजेटॉन साताऱ्याच्या नावाचा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, उत्तर सह्याद्रीची पठारं सोडली तर जगात कुठे नाही. त्याच जातकुळीतली झाडं टाक्यांसाठी सर्रास विकली जातात, म्हणून कुणाला मोह होऊ शकतो. तिथे जाऊन वाकून बघा, डोळ्यांत साठवा, फोटो काढा. टाकीसाठी टिश्यू कल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांचे, कप मिळतात, गोगलगायीची अंडी नाहीत, शेवाळ नाही, तेच घ्यावेत.

झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावायची, तळाचा निम्म्याहून जास्त भाग दिसेनासा होईल इतकी. त्यात भराभर वाढणारी जास्त, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट, वर तरंगणारं काहीतरी, कारण मातीतून सुटणारा अमोनिया तीच खातात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात. क्रिप्टो, रोटाला यांना जम बसवायला वेळ लागतो. लाइटला टायमर लावायचा आणि सुरुवातीला सहा तासच. पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी थर येतो, तो बोटाने निघतो आणि पुढे आपोआप जातो, त्याच्यासाठी काही विकत आणायची गरज नाही.

आणि मग थांबायचं. ॲक्वेरियमवाले 'सायकल झाली का' म्हणून विचारतात ते हेच. मातीतून, कुजलेल्या पानांतून अमोनिया सुटतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष, नायट्रेट झाडांचं अन्न. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात आणि ती वस्ती व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, सॉफ्ट पाण्यात जरा जास्तच. टेस्ट किटवर दोन्ही शून्य, आणि एकदा नाही, आठवडाभर शून्य दिसले की मग मासे. दुकानदार टाकीबरोबरच मासे पिशवीत घालून देतो तेव्हा मला त्या माशांची फार काळजी वाटते, कारण पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्या कल्ल्यांचं काय होणार आहे हे माहीत असतं. स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, क्लोरीनने ती सगळी वस्ती मरते, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. आणि वळवाच्या पावसात लाइट गेली की फिल्टर बंद पडतो आणि त्याच जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्यावा.

मासे. आता बुकॅनन परत येतो. मलबारनंतर तो बंगालमध्ये गेला, वर्षानुवर्षं सर्व्हे करत फिरला, नद्यांतले मासे बघितले, त्यांची चित्रं काढून घेतली, आणि १८२२ साली गंगेच्या माशांवर मोठा ग्रंथ छापला. तोपर्यंत त्याने आडनाव बदलून हॅमिल्टन केलं होतं, म्हणून माशांच्या पुस्तकांत आणि जांभ्याच्या पुस्तकांत तो दोन वेगळी माणसं वाटतो. झेब्रा डॅनिओ, ज्याच्यावर आज जगभरच्या लॅबमध्ये संशोधन चालतं, तो त्याने नोंदवला. रोझी बार्ब त्याने नोंदवला. हनी गौरामी, गोल्डन बार्ब म्हणतात तो छोटा जेलिअस, स्कार्लेट बॅडिस, सगळे त्याच एका पुस्तकातले. माझ्या टाकीच्या तळाला ज्याने नाव दिलं त्यानेच माझ्या माशांना नाव दिलं, हे कळल्यावर मासे ठरवणं एकदम सोपं झालं.

झेब्रा मला आवडतो पण तो दिवसभर पळापळ करतो आणि गौरामीसारख्या लाजऱ्या माशाला खायलासुद्धा सुचत नाही, म्हणून तो नाही. सह्याद्रीचा म्हणून डेनिसन बार्ब घ्यावा असं बरेच जण सुचवतात, लाल पट्टा, देखणा मासा, केरळ आणि कर्नाटकच्या घाटातल्या वाहत्या नद्यांतला. तो जवळजवळ सहा इंच होतो, झुंडीत राहतो, त्याला चार फूट तरी पोहायला हवं, शिवाय नदीत तो धोक्यात आलेला आहे. दोन फुटांत तो ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. मी आधी जेलिअसचा थवा आणला, इंच-दीड इंचाचे, सोनेरी अंगावर काळे ठिपके, ते पाण्याच्या मधल्या भागात एकत्र फिरतात. मग वाळूसाठी दोन-चार गुंतिया लोच, तीही हॅमिल्टनचीच, वाळूत तोंड खुपसून गाळून खातात, मध्येच सरळ वर जाऊन हवेचा घोट घेतात आणि परत खाली. आणि सगळ्यात शेवटी हनी गौरामी, एक नर दोन माद्या. प्रत्येक वेळी मध्ये तीन-चार आठवडे जाऊ दिले, म्हणजे जिवाणूंची संख्या वाढलेल्या घाणीएवढी वाढते. पिशवी टाकीत तरंगत ठेवून, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालून, अर्ध्या-पाऊण तासाने मासे जाळीने आत सोडायचे, पिशवीतलं पाणी आत ओतायचं नाही.

सकर मासा कुणी 'काच साफ करतो' म्हणून देऊ केला तर घेऊ नका. तो फूटभराच्या वर वाढतो, आणि मग लोक तो नदीत सोडतात, देशात अनेक ठिकाणी तो नद्या-तलावांत पसरलाय. छाटलेली झाडंसुद्धा ओढ्यात टाकायची नाहीत, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाकायची. इंद्रायणी, पंचगंगा जलपर्णीने भरलेल्या आपण बघतोच, ती पण कुणीतरी सुंदर फूल म्हणूनच आणली होती.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. टाकीच्या वर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, कमी झालेलं पाणी रोज भरायचं. आणि आमच्याकडे त्याच दिवसांत टॅंकर सुरू होतात, म्हणजे बोअरचं कडक पाणी. म्हणून त्या दोन महिन्यांत पाणी बदलायच्या आधी मी दर वेळी जीएच बघते, आणि फरक जास्त असेल तर एका वेळी दहा टक्क्यांच्या वर बदलत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीन जास्त घालतात, मग अँटीक्लोरचे थेंब नेहमीपेक्षा जपून मोजायचे किंवा पाणी बादलीत दोन दिवस ठेवायचं.

सध्या गौरामीचा नर रंगात आलाय. अंग मधासारखं, गळ्यापासून पोटापर्यंत काळाभोर, आणि तरंगणाऱ्या पानांखाली एका कोपऱ्यात तो फेसाचं घरटं बांधतोय. फिल्टरचा प्रवाह मी अगदी मंद केलाय, नाहीतर बुडबुडे विस्कटतात, आणि झाकण लावलंय, कारण हे मासे वरची हवासुद्धा घेतात आणि पिल्लांना ती वरची हवा ओली, उबदार लागते. अंडी दीड दिवसात फुटतात म्हणे, पण पिल्लं इतकी बारीक की बाजारातलं कुठलंच खाणं त्यांच्या तोंडात मावत नाही. त्यांना पाण्यातले सूक्ष्म जीव लागतात, आणि ते जुन्या मॉसमध्ये भरपूर असतात, म्हणून टाकीतला मॉसचा मोठा गोळा काढून मी गॅलरीत सावलीतल्या बादलीत वाढायला ठेवलाय, वर कोबीचं एक पान टाकलंय.